‘दंगल’ या शब्दाची झडती



आपण कवितेवर बोलतो, कथेवर बोलतो, कोण प्रस्थापितांच्या पंगतीला जाऊन बसला यावर तर रात्र रात्र बोलतो. पण मराठी माणूस कविता वाचून झोपत नाही. तो पेपर वाचतो. मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीत, दाढी करायच्या दुकानात एकच पेपर दहा हातांतनं फिरतो आणि दुपारपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. आपल्या वस्तीत कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला आपल्याबद्दल जे ठाऊक असतं, ते बहुतेक या चिंध्यांतनं आलेलं असतं. तेव्हा समीक्षा करायचीच तर बातमीचीही केली पाहिजे. कवितेतल्या चुकीच्या शब्दानं फार तर कविता मरते. बातमीतल्या चुकीच्या शब्दानं माणसाचं काय होतं, ते पुढं सांगतो.

मी एकच शब्द घेतला आहे. दंगल. जुन्या कार्यकर्त्यांनी जपलेली पिवळी कात्रणं, वाचनालयातल्या बांधीव फायली, आणि महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपानं छापलेले ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक, एवढं माझं भांडवल. रात्रपाळी करून सुट्टीच्या दिवशी जेवढं वाचून होतं तेवढं वाचलं. मी पंडित नाही. पण शब्द ओळखायला डिग्री लागत नाही, मार खाल्लेला असला तरी पुरतं.

पहिल्यांदा क्रियापदं बघा. दंगल होते. दंगल उसळते. पेटते, भडकते, पसरते. मग आटोक्यात येते, शमते, निवळते. कात्रणामागून कात्रण चाळा, हीच क्रियापदं फिरून फिरून येतात. पेटणं, भडकणं हे आगीचं काम. उसळणं समुद्राचं. पसरणं साथीच्या रोगाचं. निवळणं पाण्याचं. यातल्या एकालाही करणारा माणूस लागत नाही. पाऊस कुणी पाडला असं आपण विचारत नाही, तसंच दंगल कुणी केली असं विचारायचं सुचत नाही. शाळेत विभक्ती शिकवतात. रामाने, गावाने, पाटलाने. तो ‘ने’ म्हणजे करणाऱ्याच्या गळ्यातली पाटी. दंगलीच्या बातमीत हा ‘ने’ गळून पडतो.

आता शेजारी दुसरा शब्द ठेवा. हल्ला. ‘हल्ला झाला’ एवढंच छापलं तरी वाचणारा लगेच विचारतो, कुणी केला? कुणावर केला? त्या शब्दाच्या पोटातच दोन प्रश्न आहेत. ‘दंगल झाली’ म्हटल्यावर वाचणारा विचारतो, कुठं झाली? किती मेले? एस.टी. चालू आहे काय? करणारा आणि सोसणारा दोघंही बातमीतनं उठून गेलेले असतात. राहतो तो फक्त ‘तणाव’, आणि तो ‘नियंत्रणात’ असतो.

आपण कोल्हापूरकडची माणसं. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड, त्या नावाचा सिनेमा २०१६ साली सगळ्यांनी बघितला. आपल्याकडं बहुतेक मैदान म्हणतात. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून कोल्हापुरात आहे, आणि आपल्या तालुक्यात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. कुस्तीचे नियम पोराटोरांना पाठ असतात. आधी जोड बघतात. वजन बघतात, तयारी बघतात. अंगठ्याएवढ्या पोरासमोर कुणी हिंदकेसरी सोडत नाही. दोघंही लंगोट लावून, आपल्या पायानं हौद्यात उतरतात, सलामी देतात. हलगी वाजते. मधे पंच असतो, आणि तो कुणाच्या घरचा नसतो. शेवटी कुस्ती निकाली होते नाहीतर बरोबरीत सोडवतात.

पेपरातली दंगल याच चालीवर लिहिलेली असते. दोन गट, जणू जोड लावलेली. मधे पोलीस, जणू पंच. शेवटी दोन्ही बाजूंचे जखमी मोजून कुस्ती बरोबरीत. पण एक गडी लंगोट लावून आला आणि दुसरा घरात भाकरी खात बसला होता, अशी कुस्ती कुठल्या मैदानात होते? माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी पेपरांनी ज्याला ज्याला दंगल म्हटलं, त्यात जोड होती का, हे एकेक प्रकरण घेऊन तपासलं पाहिजे.

सुरुवात महाडपासून करू. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागून माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. तळं सार्वजनिक होतं. तिथं मारामारी झाली नाही. माणसं परतली, मंडपात जेवायला बसली, काही गावात बाजाराला गेली, काही गावाकडं निघाली. तेवढ्यात आवई उठवली गेली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आणि लाठ्याकाठ्या घेतलेली टोळकी मंडपात घुसली. जेवणारांना मारलं, अन्न मातीत गेलं, रस्त्यात एकट्यादुकट्याला गाठून मारलं. वीसेक माणसं चांगली जखमी झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरून धरलं. त्यात पलटणीतले पेन्शनर होते, त्यांना हात चालवता येत नव्हते असं नाही. आवरून धरलं म्हणून उलटा वार झाला नाही. पुढं खटला चालला आणि जून १९२७ मध्ये हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

म्हणजे ब्रिटिश मॅजिस्ट्रेटलासुद्धा दिसलं की इथं जोड नव्हती. एक बाजू मारत होती, दुसरी जेवत होती. तरी महाडच्या दंगलीची कहाणी असं म्हणणारे अजून भेटतात.

आता बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. महाडनंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं. त्यातल्या महाडवरच्या अग्रलेखांचे मथळे मी वहीत उतरून ठेवले आहेत. ‘महाड येथील धर्मसंगर व वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी’. मग तोच मथळा आणि पुढं ‘इंग्रज सरकारची जबाबदारी’. मग तोच मथळा आणि पुढं ‘अस्पृश्य वर्गाची जबाबदारी’. मथळे वाचूनच कळतं की लिहिणाऱ्यानं शब्द तोलून वापरलेत. घटनेला नाव दिलं धर्मसंगर. संगर म्हणजे युद्ध. युद्ध म्हटलं की कशासाठी, कुणी कुणावर लादलं, हे विचारावंच लागतं. आणि नावापाठोपाठ शब्द आला जबाबदारी. मारणाऱ्यांची जबाबदारी, बघत बसलेल्या सरकारची जबाबदारी, आणि मार खाल्लेल्यांचीही पुढची जबाबदारी. तीन लेखांत तिघांना नावानिशी उभं केलं. ‘दंगल’ हा शब्द जे पुसून टाकतो, तेच ‘जबाबदारी’ हा शब्द परत लिहून काढतो. माझ्या मते मराठी पत्रकारितेतला हा सगळ्यात मोठा धडा आहे, आणि तो एकाच मथळ्यात मावलेला आहे.

सात वर्षांपूर्वी, ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढताना पहिल्याच अंकात त्यांनी सांगितलं होतं की इथली बहुतेक पत्रं आपापल्या जातीचं हित पाहतात आणि इतरांची पर्वा करत नाहीत. त्या पत्राला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. कोल्हापूरच्या राजाला कळलं होतं की शाळा आणि वसतिगृहाइतकंच आपलं पत्र असणंही महत्त्वाचं आहे.

पुढचं प्रकरण अवघड आहे, म्हणून ते टाळत नाही. वरळी. ५ जानेवारी १९७४ ला बी.डी.डी. चाळींच्या मैदानात दलित पँथरची सभा होती. मध्य मुंबईतल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक होती. सभेवर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि मग चाळीचाळींत पेटलं. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला. त्यात भागवत जाधव हा पँथर डोक्यावर दगड पडून ठार झाला. पुढं वरळी आणि नायगावच्या घटनांच्या चौकशीला न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला.

कुणी म्हणेल, इथं तर आपल्या पोरांनीही दगड मारले. मग ही दंगल का नव्हे? मारले. ते लपवायचं कारण नाही. सभेवर दगड आले की सगळेच हात बांधून बसतात असं नाही. पण दोन्ही बाजूंनी दगड चालले म्हणून ‘दोन गट’ म्हटलं की तीन गोष्टी गळतात. पहिला दगड कुठनं आला, ही एक. पोलीस मधे पंच म्हणून होते की एका गड्याच्या बाजूला, ही दुसरी. तिसरी गोष्ट मला गिरणी कामगार म्हणून जास्त टोचते. वरळी-नायगावच्या चाळींत दोन्हीकडं गिरणीत राबणारी माणसं होती. एकाच भोंग्यावर उठणारी, एकाच नळाला बादली लावणारी. मग त्यांचे दोन गट कधी पडले? पाच जानेवारीच्या संध्याकाळी नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागे आणि त्यानं इतरांना विटाळ होई, म्हणून. विणाईला पगार जास्त. तिथं हे नाहीत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा कामगारांच्या एकीच्या गोष्टी सांगणाऱ्यांची पंचाईत झाली. गट तिथं पडले होते, खात्याच्या दारात. बातमी मात्र ते एका रात्रीत पाडते आणि दुसऱ्या दिवशी शांतता कमिटी नेमून मिटवते.

म्हणून वरळीबद्दल मी म्हणेन, दंगल म्हणा, पण मग पूर्ण लिहा. कुणाच्या सभेवर काय पडलं, लाठी कुणावर चालली, कोण मेलं आणि कसं मेलं. एवढं लिहिल्यावर ‘दंगल’ शब्द राहिला तरी हरकत नाही, त्याचं विष उतरलेलं असेल.

आता मराठवाडा. इथं शब्दानं खरा कहर केला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. आणि खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली, माणसं हुसकून लावली, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्यांना शहराच्या फुटपाथवर यावं लागलं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. याला महाराष्ट्रानं नाव दिलं मराठवाड्याची दंगल. अजूनही हेच नाव चालतं, आपल्यातलेही वापरतात.

भांडण कशाचं होतं? विद्यापीठाच्या पाटीचं. विद्यापीठ कुठं? औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. घरं कुठं जळाली? खेड्यात. ज्या शेतमजुराला विद्यापीठाचं दार पूर्वेला की पश्चिमेला हे माहीत नव्हतं, त्याचं छप्पर जळालं. तो कुठल्या हौद्यात उतरला होता? कुणाला सलामी दिली होती? ‘मराठवाडा’ या दैनिकाची भूमिका नामांतराच्या विरोधात होती, ती उघड होती. विरोध करायचा हक्क कुणालाही आहे. पण जळालेल्या घराला दंगलीत जळालेलं म्हणणं ही भूमिका नाही, ती लपवाछपवी आहे. त्यात आणखी एक शब्द जोडीला आला, ‘प्रतिक्रिया’. ठरावाची प्रतिक्रिया उमटली. म्हणजे क्रिया आपली! आपण नाव मागितलं ही क्रिया, आणि घर जळालं ही तिची प्रतिक्रिया. क्रियेची जबाबदारी आपल्यावर, प्रतिक्रियेची कुणावरच नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती जणांनी लाठ्या खाल्ल्या आणि किती जणांनी जीव दिला, ते आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या सगळ्या काळावर ‘दंगल’ आणि ‘तणाव’ या दोन शब्दांची गोधडी टाकलेली आहे.

१९९७ साली शब्द थोडा बदलला. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. इथं दंगल म्हणायला दुसरा गटच नव्हता. मग ‘जमाव’ आला. संतप्त जमाव, बेभान जमाव, गॅसचा टँकर पेटवायला निघालेला जमाव. जमावाला नाव नसतं, आई नसते, वय नसतं. चौकशीला गुंडेवार आयोग बसला. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला दोषी ठरवलं. बारा वर्षं लागली ‘जमाव’ या शब्दातनं दहा माणसं बाहेर काढायला.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. भोतमांगे कुटुंबातले चौघे गावातल्या झुंडीनं मारले. मोठ्या पेपरांत हे नीट यायला महिना गेला. आधी आलं ते भानगड म्हणून, जमिनीचा वाद म्हणून. दंगल हा शब्दसुद्धा मिळाला नाही, एवढी ती माणसं स्वस्त होती. मग नोव्हेंबरात विदर्भातले आपले लोक रस्त्यावर उतरले, आणि एका दिवसात सगळे शब्द हजर! हिंसाचार, तोडफोड, दंगल. सरकारातनं नक्षलवाद्यांची भाषा झाली. ज्या शब्दकोशाला चार प्रेतांसाठी शब्द सापडत नव्हता, त्याला फुटलेल्या काचांसाठी डझनभर सापडले. २००८ च्या निकालात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. जात हे कारण कोर्टाला दिसलं नाही. पहिल्या बातमीतच नव्हतं ते!

हे आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरनं १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, त्यांच्या अमेरिकेतलं एक उदाहरण घ्या. टल्सा नावाचं शहर. तिथं ग्रीनवूड ही काळ्या लोकांची वस्ती होती. दुकानं, थिएटर, दवाखाने असलेली, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्यांच्या झुंडींनी ती जाळली. हजाराच्या वर घरं गेली. ‘टल्सा स्टार’ नावाचं काळ्यांचं पत्र होतं, त्याचा छापखानाही जाळला. उरल्या गोऱ्यांच्या बातम्या. त्या बातम्यांनी आणि इतिहासानं नाव दिलं टल्साची वांशिक दंगल. पुढं जळालेल्या घरांचे मालक विम्याच्या कंपन्यांकडं गेले. कंपन्यांनी पॉलिसीतलं कलम दाखवलं. दंगलीत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. झाली गोष्ट. एका शब्दावर हजारो माणसांचे पैसे बुडाले. ऐंशी वर्षांनी, २००१ मध्ये, सरकारी आयोगाचा अहवाल आला, आणि त्या आयोगाच्या नावातसुद्धा दंगल हाच शब्द होता. आज तिथं लोक हत्याकांड म्हणतात. शब्द बदलायला शंभर वर्षं गेली. विम्याचे पैसे मागायला कुणी जिवंत राहिलं नाही म्हणा ना.

वाचून सोडून देऊ नका, कारण आपल्याकडंही शब्दावरच पैसे आणि तुरुंग ठरतो. कायदा काय म्हणतो बघा. १८६० च्या दंड संहितेत कलम १४६ आणि १४७ दंग्याचं होतं. त्यात दोन बाजू लागतच नव्हत्या. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव, त्याचा एक समान उद्देश आणि बळाचा वापर, एवढं पुरत होतं. म्हणजे कायद्यातला दंगा एकतर्फी असू शकतो. दोन माणसांनी रस्त्यात मारामारी करून शांतता मोडली तर ते वेगळं कलम, १५९ आणि १६०, आणि त्यात दोघंही गुन्हेगार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही दंग्याचं १९१ आणि रस्त्यातल्या मारामारीचं १९४, असे दोन वेगळे गुन्हे आहेत. पेपरवाला दंगल लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात ही दुसरीच गोष्ट असते. दोघांची मारामारी, दोघंही गुन्हेगार. कायद्यानं जे वेगळं ठेवलं ते बातमीनं एकत्र कालवलं.

आणि तिसरा कायदा आपला. १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या नावातच शब्द आहे अत्याचार. अत्याचाराला करणारा असतो आणि सोसणारा असतो. त्याचे १९९५ चे नियम सांगतात की तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करू नये आणि पीडिताला आर्थिक मदत मिळावी. ‘अत्याचार’ लिहिलं की हे सगळं सुरू होतं. ‘दोन गटांत दंगल’ लिहिलं की हे राहतं बाजूला, आणि दोन्हीकडनं फिर्यादी घेऊन प्रकरण समान केलं जातं. टल्साच्या विम्याच्या कलमात आणि यात फरक काय?

आमच्या भागातल्या एका वाडीतलं सांगतो. नाव घेत नाही, माणसं तिथंच नांदतात. चौदा एप्रिलची मिरवणूक शांतपणे संपली होती. समाजमंदिरापुढं पंगत बसली होती. वरच्या आळीकडनं दगड आले. दोन बायकांची डोकी फुटली. पळापळ झाली, काही पोरं काठ्या घेऊन उलटी धावली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या : मिरवणुकीच्या कारणावरून दोन गटांत दंगल, दोन्ही बाजूंच्या लोकांवर गुन्हे दाखल. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “दंगल कसली रं? आमी तर जेवत हुतो.” त्या गुन्ह्यात आमच्या नऊ पोरांची नावं आली. त्यातला एक त्या वेळी कामावर होता, हजेरीपटावर सही होती. तरी नाव आलं. त्याला पोलीस भरतीला उतरायचं होतं. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला, भरती गेली. तारखा चालूच आहेत. दगड मारणारा कोण, हे आजपर्यंत कुठल्याही कागदावर आलेलं नाही. कागदावर फक्त ‘दोन गट’ आहेत.

अलीकडचं आणि जवळचं उदाहरण घ्या. आपल्याच शाहूवाडी तालुक्यात, पावनखिंडीजवळच्या गजापुरात, १४ जुलै २०२४ ला काय झालं? विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध लोक जमले होते. त्यातला जमाव गजापूरच्या मुसलमानवाडीत शिरला. घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची मोडतोड केली. ती वाडी गडावर नाही, गडाकडं जाणाऱ्या वाटेवर आहे. पण बातम्यांत नाव चाललं विशाळगडाचं. विशाळगड प्रकरण, विशाळगडचा हिंसाचार, कुठं कुठं दंगलही. करणारा गेला, सोसणारा गेला, आणि ज्या गावात घडलं त्या गावाचं नावसुद्धा गेलं. मी मलकापुरात बसून हे लिहितोय, आणि माझ्या आसपासची माणसं अजून म्हणतात, गडावर काहीतरी झालं होतं. गडावर नव्हे, गजापुरात. काहीतरी नव्हे, घरं फोडली. मुसलमानांच्या घरांबद्दल आपण का बोलावं असं ज्याला वाटतं, त्यानं पोचिराम कांबळेंची आठवण करावी. शब्द तोच आहे, तो आज त्यांच्यावर टाकलाय, काल आपल्यावर होता.

आता थोडं आपल्या घरात बघू. आपले कवी ‘दंगल’ हा शब्द मिरवतात. माझ्या शब्दांची दंगल, रक्तातली दंगल. टाळी पडते. पण जो शब्द आपल्या घरावर रॉकेल ओतणाऱ्याला लपवतो, तो आपण शौर्याचा म्हणून कपाळाला का लावावा? आपल्या संघटनांच्या पत्रकांतही तेच. ‘अमुक गावी झालेल्या जातीय दंगलीचा आम्ही तीव्र निषेध करतो.’ निषेध कुणाचा? दंगलीचा? दंगलीचा निषेध कलेक्टरही करतो, आमदारही करतो, दगड मारणाराही करतो. सगळ्यांना मान्य असलेला निषेध हा निषेध नव्हेच.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगतो. उद्या तुमच्या वस्तीवर प्रसंग आला आणि पत्रक काढायची पाळी आली, तर ‘दंगल’ लिहायच्या आधी थांबा. आधी ‘ने’ शोधा. कुणी केलं? नाव माहीत नसेल तर कुठल्या आळीनं, कुठल्या दिशेनं, किती जणांनी हे लिहा. मग कुणावर केलं. मग किती वाजता, कारण वेळ लिहिली की कोण जेवत होतं आणि कोण चालून आलं ते आपोआप कळतं. पोलीस कधी आले आणि आल्यावर कुणाला धरलं. आपल्या पोरांनी काठी उचलली असेल तर तेही लिहा, पण कितव्या दगडानंतर उचलली तेही लिहा. फिर्याद लिहून घेताना हवालदार ‘दोन गट’ म्हणाला तर सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा आणि बदलून मागा. एका शब्दासाठी दोन तास बसावं लागलं तरी बसा. त्या दोन तासांनी एखाद्या पोराची दहा वर्षं वाचतात.

हे काम एकट्याचं नाही. माझ्याकडं जी कात्रणं आहेत ती कोल्हापूर जिल्ह्यातली आणि तीही तुटपुंजी. ज्यांच्या घरी जुने पेपर, पत्रकं, फिर्यादीच्या नकला असतील त्यांनी आपापल्या गावातली एक तरी बातमी उतरून पाठवावी, आणि तिच्याखाली त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं ते म्हाताऱ्यामाणसांना विचारून लिहावं. पुढच्या अंकापासून दोन्ही शेजारीशेजारी छापू. पेपराचं नाव आणि तारीख घालायला विसरू नका.

जयभीम.